ऑगस्टमधील आशा आणि तिचे धनी

अमेरिकेतील ओहायो राज्यात ऑगस्ट उजाडला, की इरी सरोवराच्या काठी वसलेल्या क्लीव्हलँड शहरात दरवर्षी एकच प्रश्न चघळला जातो : यंदा तरी ब्राउन्सचे काही खरे आहे का? शहराजवळच्या बेरिआ या उपनगरात क्लीव्हलँड ब्राउन्स या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघाचे सरावशिबिर भरते. ९० खेळाडूंची चाचपणी होऊन हंगामासाठी ५३ कायम केले जातात. कोणता नवखा खेळाडू किती चपळ आहे, मागच्या वर्षी दुखापतग्रस्त झालेला कोणता मोहरा पुन्हा धावू लागला आहे, यावर उपाहारगृहांपासून रेडिओपर्यंत सर्वत्र खल चालतो. सप्टेंबरमध्ये प्रत्यक्ष सामने सुरू झाले, की त्यातली बरीच हवा निघून जाते. पुढच्या ऑगस्टमध्ये मात्र तीच माणसे, त्याच नारिंगी आणि तपकिरी रंगांचे सदरे घालून, तितक्याच उत्साहाने पुन्हा हजर असतात.

या आशेला भाबडेपणा म्हणून हसणे सोपे आहे. परंतु एखादी भावना अर्धशतकाहून अधिक काळ पराभवाला पुरून उरत असेल, तर तिच्यामागे केवळ मनोव्यापार नव्हे, काही व्यवस्थाही असली पाहिजे. तशी ती आहे. शिवाय त्या आशेला बाजारात चांगली किंमतही आहे. ती किंमत कोण वसूल करतो, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत क्लीव्हलँडमध्ये न्यायालयापासून राज्याच्या विधिमंडळापर्यंत जाऊन पोहोचला.

भारतात ज्याला फुटबॉल म्हणतात त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. तिकडचा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू, शिरस्त्राणे आणि जबर धडका यांचा खेळ. पायापेक्षा हातांचे काम त्यात अधिक. या खेळाची सर्वोच्च संघटना नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) १९२० मध्ये स्थापन झाली तीही ओहायोमध्येच, क्लीव्हलँडच्या दक्षिणेस असलेल्या कॅन्टन या गावी. तिचे ३२ संघ आहेत. प्रत्येक संघ सप्टेंबरपासून १७ साखळी सामने खेळतो आणि फेब्रुवारीत सुपर बोल या अंतिम सामन्याने हंगामाची सांगता होते. तत्पूर्वी ऑगस्टमध्ये साधारणतः तीन सराव सामने होतात. २०२० पर्यंत त्यांची संख्या चार असे. या सराव सामन्यांचा निकाल कोठेही धरला जात नाही. नामवंत खेळाडू जायबंदी होऊ नयेत म्हणून त्यांना फारसे उतरवलेही जात नाही. ज्यांची संघातली जागा पक्की नाही, तेच जिवाच्या आकांताने खेळतात.

या सामन्यांवरून हंगामाचा अंदाज बांधणे किती फोल असते, याचे क्लीव्हलँडइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउन्सने चारही सराव सामने जिंकले. आदल्या हंगामात १६ पैकी अवघा एक सामना जिंकलेल्या संघाच्या चाहत्यांना त्यामुळे हुरूप आला असेल तर नवल नाही. त्यानंतरच्या १६ साखळी सामन्यांत हा संघ एकदाही जिंकला नाही. १६ सामन्यांच्या काळात असा पराक्रम गाजवणारा दुसरा संघ म्हणजे डेट्रॉइट लायन्स. २००८ मध्ये त्यांनीही सर्व १६ सामने गमावले होते, आणि त्या ऑगस्टमध्ये त्यांनीही चारही सराव सामने जिंकले होते! सराव सामन्यांतील यशाला घाबरावे असे म्हणण्याइतका हा योगायोग विलक्षण आहे.

या नामुष्कीनंतर चाहत्यांनी जे केले ते लक्षात घेण्यासारखे आहे. ६ जानेवारी २०१८ रोजी कडाक्याच्या थंडीत काही हजार लोक स्टेडियमबाहेर जमले आणि ‘परिपूर्ण हंगामा’ची मिरवणूक म्हणून त्यांनी स्टेडियमला प्रदक्षिणा घातली. ती गोल मिरवणूक म्हणजेच विजयांच्या रकान्यातले शून्य. या निमित्ताने गोळा झालेला पैसा स्थानिक अन्नपेढीला देण्यात आला. प्रशिक्षक ह्यू जॅक्सन यांनी आदल्या हंगामानंतर, पुन्हा एकच विजय वाट्याला आला तर आपण सरोवरात उडी घेऊ, असे म्हटले होते. त्याहून वाईट झाल्यामुळे २०१८ च्या जूनमध्ये ते खरोखर इरी सरोवरात उतरले. ओहायोतील एका दिवंगत चाहत्याच्या मृत्युलेखात तर, आपल्या शवपेटीला ब्राउन्सच्या सहा खेळाडूंनी खांदा द्यावा, अशी इच्छा नोंदवलेली होती. ज्यांनी आयुष्यभर खड्ड्यात घातले त्यांनीच शेवटचेही घालावे, असा त्या विनोदाचा आशय. ज्या नात्यात असा विनोद होऊ शकतो, ते ग्राहक आणि विक्रेत्याचे नाते नव्हे.

हे नाते तयार झाले ते यशाच्या काळात. १९४६ मध्ये पॉल ब्राउन या कल्पक प्रशिक्षकाच्या हाताखाली हा संघ उभा राहिला आणि प्रतिस्पर्धी लीगच्या चारही हंगामांचे अजिंक्यपद त्याने पटकावले. १९५० मध्ये एनएफएलमध्ये दाखल होताच पहिल्याच वर्षी तो विजेता ठरला. १९५४ आणि १९५५ मध्येही त्याची पुनरावृत्ती झाली. २७ डिसेंबर १९६४ रोजी बाल्टिमोर कोल्ट्सचा २७-० असा फडशा पाडून या संघाने चौथे अजिंक्यपद मिळवले, तेव्हा जिम ब्राउन हा त्या काळातला सर्वश्रेष्ठ धावपटू खेळाडू त्याच्याकडे होता. ते शेवटचे अजिंक्यपद. सुपर बोलची प्रथा जानेवारी १९६७ मध्ये सुरू झाली. त्या सामन्यात ब्राउन्स आजवर एकदाही खेळलेले नाहीत. फेब्रुवारी २०२६ च्या सुपर बोलपर्यंत असे चारच संघ उरले होते. जानेवारी १९८७ आणि जानेवारी १९८८ अशी लागोपाठ दोन वर्षे ते या सामन्याच्या उंबरठ्यापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा डेन्व्हरने त्यांना अखेरच्या क्षणी परतवले. चालून आलेला घास तोंडातून निसटण्याच्या त्या दोन कथा क्लीव्हलँडमध्ये मुलांना वारशासारख्या सांगितल्या जातात.

याच काळात शहराचीही उतरंड झाली. पोलाद आणि यंत्रसामग्रीच्या उद्योगावर पोसलेल्या क्लीव्हलँडची लोकसंख्या १९५० मध्ये नऊ लाखांहून अधिक होती. २०२० च्या जनगणनेत ती पावणेचार लाखांच्याही खाली आली. १९७८ मध्ये हे शहर कर्जफेडीस असमर्थ ठरले होते. कारखाने गेले, माणसे गेली, तरी गेलेल्यांनी संघ सोडला नाही. देशभर आणि परदेशातही ब्राउन्सच्या चाहत्यांची मंडळे आहेत ती त्यामुळेच. ज्या शहराला अभिमानाने मिरवण्यासारख्या गोष्टी कमी उरतात, त्या शहरात फुटबॉल संघाला नको इतके महत्त्व येते. या संघाचे मालक कोणीही असोत, त्यांच्या हाती हे आयते पडते.

आता व्यवस्थेकडे वळू. एनएफएलची रचना अशी आहे की आशा कधी पूर्णपणे मरूच नये. दर एप्रिलमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. त्यात तळाशी राहिलेल्या संघाला निवडीचा पहिला हक्क मिळतो. म्हणजे जो सर्वाधिक हरला त्याला सर्वोत्तम तरुण खेळाडू! त्याच्या जोडीला १९९४ पासून वेतनमर्यादा लागू आहे. २०२५ च्या हंगामासाठी ती प्रत्येक संघाला २७ कोटी ९२ लाख डॉलर इतकी होती. श्रीमंत मालकाने सगळे नामवंत खेळाडू विकत घ्यावेत, हे त्यामुळे शक्य होत नाही. या मर्यादेत करारांची गणिते बसवणे हे स्वतंत्र शास्त्रच झाले आहे. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स या संघात हे काम वर्षानुवर्षे ज्यांनी सांभाळले त्यांचे नाव पराग मराठे आहे, हे मराठी वाचकांना जाता जाता सांगावयास हरकत नाही. आयपीएलमधील लिलाव आणि खर्चाची कमाल मर्यादा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यामागचे तत्त्व ओळखीचे वाटेल.

या व्यवस्थेमुळे चमत्कार खरोखरच घडतात, हेही मान्य केले पाहिजे. सिनसिनाटी बेंगल्स २०१९ मध्ये दोन आणि २०२० मध्ये चार सामने जिंकणारा संघ होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो सुपर बोल खेळला. न्यू इंग्लंड पेट्रियट्सने २०२४ मध्ये अवघे चार सामने जिंकले आणि पुढच्याच हंगामात तेही सुपर बोलपर्यंत गेले. ज्या डेट्रॉइटने २००८ मध्ये शून्य पाहिले, त्याच डेट्रॉइटने २०२४ मध्ये १७ पैकी १५ सामने जिंकले. तेव्हा क्लीव्हलँडचा चाहता ऑगस्टमध्ये जे बोलतो ते पुराव्याला सोडून नसते. शेजारच्या घरी जे घडले ते आपल्याही घरी घडेल, एवढेच तो म्हणत असतो.

परंतु या समतेची दुसरी बाजू चाहत्याला फारशी दाखवली जात नाही. एनएफएलमध्ये कोणताही संघ कितीही हरला तरी खालच्या श्रेणीत ढकलला जात नाही, कारण तिला खालची श्रेणीच नाही. दूरचित्रवाणीचे उत्पन्न ३२ संघांत समान वाटले जाते. २०२१ मध्ये झालेल्या प्रक्षेपण करारांची एकूण रक्कम अकरा वर्षांसाठी ११० अब्ज डॉलरच्या घरात होती. बहुतेक संघ खासगी मालकीचे असल्याने त्यांचे हिशेब बाहेर येत नाहीत. ग्रीन बे पॅकर्स हा भागधारकांच्या मालकीचा एकमेव संघ आपले ताळेबंद जाहीर करतो. त्यावरून २०२५ च्या आर्थिक वर्षात लीगकडून आलेला वाटा ४३ कोटी २६ लाख डॉलर होता, असे दिसले. हा वाटा समसमान असल्याने हरणाऱ्या क्लीव्हलँडलाही तेवढेच मिळाले, हे उघड आहे. तिकिटाचा एक छदामही विकला जाण्यापूर्वी खेळाडूंच्या वेतनमर्यादेहून दीड कोटी नव्हे, दीड पट रक्कम मालकाच्या हाती पडलेली असते.

त्यामुळे पराभवाचा भुर्दंड मालकाला बसतच नाही. अल लर्नर यांनी १९९८ मध्ये हा संघ ५३ कोटी डॉलरला घेतला. त्यांच्या पुत्राकडून जिमी आणि डी हॅस्लम या दांपत्याने २०१२ मध्ये तो सुमारे एक अब्ज डॉलरला विकत घेतला. त्यानंतर २०१५ ते २०१७ या तीन हंगामांत संघाने ४८ पैकी ४४ सामने गमावले. तरीही २०२४ पर्यंत त्याचे मूल्य पाच अब्ज डॉलरच्या वर गेल्याचा ‘फोर्ब्स’चा अंदाज होता. कोणत्याही सामान्य धंद्यात माल वर्षानुवर्षे असा निघाला असता तर दुकानाला टाळे लागले असते.

ब्राउन्सच्या व्यवस्थापनाने तर आशेलाच धोरणाचा दर्जा दिला. २०१६ मध्ये बेसबॉलमधील आकडेशास्त्रासाठी गाजलेले पॉल डीपोडेस्टा यांना आणण्यात आले. आजचे चांगले खेळाडू आणि आजचे निवडहक्क देऊन उद्याचे अधिक निवडहक्क मिळवायचे, मधली दोन वर्षे हरायचे, असा तो हिशेब होता. कागदावर तो चुकीचा नव्हता. मात्र डावाची सूत्रे ज्याच्या हाती असतात तो क्वार्टरबॅक मिळाल्याशिवाय या खेळात काहीच साधत नाही, आणि तो हेरण्यातच ब्राउन्स सतत चुकत आले. १९९९ पासून चाळीसहून अधिक क्वार्टरबॅकनी या संघाच्या सामन्याची सुरुवात केली आहे. २०१६ मध्ये दुसऱ्या क्रमांकाचा निवडहक्क त्यांनी फिलाडेल्फियाला दिला. त्या हक्कातून कार्सन वेन्ट्झ आला आणि दोन वर्षांत फिलाडेल्फिया विजेती ठरली. २०१७ मध्ये बाराव्या क्रमांकाचा हक्क ह्यूस्टनला दिला. ह्यूस्टनने त्यातून देशॉन वॉटसन घेतला.

पुढे जे घडले ते क्लीव्हलँडच्या इतिहासातही अपूर्व म्हणावे लागेल. हातचा सोडलेला तोच वॉटसन मिळवण्यासाठी मार्च २०२२ मध्ये ब्राउन्सने ह्यूस्टनला पहिल्या फेरीचे तीन निवडहक्क देऊ केले आणि खेळाडूला पाच वर्षांसाठी २३ कोटी डॉलरची संपूर्ण हमी दिली. त्या वेळी वीसहून अधिक महिलांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे दाखल केलेले होते. त्याने आरोप नाकारले, फौजदारी खटला उभा राहिला नाही. परंतु लीगने त्याच्यावर ११ सामन्यांची बंदी आणि ५० लाख डॉलरचा दंड लादला. नंतर दुखापतींनी तो बहुतांश काळ मैदानाबाहेरच राहिला. जानेवारी २०२४ मध्ये बाद फेरीत ब्राउन्सचा ४५-१४ असा धुव्वा उडवला तो ह्यूस्टननेच, आणि त्या संघाच्या बांधणीत क्लीव्हलँडहून मिळालेल्या हक्कांचाही हातभार होता. या सौद्याने अनेक जुन्या चाहत्यांपुढे निराळाच पेच उभा केला होता. संघाने जिंकावे, पण या माणसाच्या जोरावर जिंकावे का, असा तो पेच. पराभवाची सवय असलेल्यांना हे दुखणे नवे होते.

मधल्या काळात आशेला आधार मिळालाच नाही असे नाही. केविन स्टेफान्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली २०२० मध्ये संघ बाद फेरीत गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याने पिट्सबर्गला त्यांच्याच मैदानावर ४८-३७ असे हरवले. करोनाची लागण झाल्याने स्टेफान्स्की तेव्हा घरी बसून सामना पाहत होते. २०२३ मध्ये १७ पैकी ११ विजय मिळाले. तरीही १९९९ ते २०२५ या २७ हंगामांत विजय पराभवांहून अधिक भरले असे हंगाम केवळ चार. २०२४ मध्ये तीन आणि २०२५ मध्ये पाच विजय हाती आल्यावर जानेवारी २०२६ मध्ये स्टेफान्स्की यांना दूर करण्यात आले. त्याच हंगामात माइल्स गॅरेट या बचावपटूने प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकना २३ वेळा जमीनदोस्त करून एका हंगामाचा नवा विक्रम केला होता. एवढा मोठा खेळाडू आणि एवढे थोडे विजय, हे चित्र एका अर्थाने संपूर्ण संघाचेच आहे. नवा प्रशिक्षक, नवे निवडहक्क, नवा ऑगस्ट हे चक्र त्यानंतर ठरल्याप्रमाणे फिरू लागले.

चाहत्याची निष्ठा गृहीत धरली की काय होते, हे क्लीव्हलँडने एकदा पाहिलेले आहे. ६ नोव्हेंबर १९९५ रोजी तेव्हाचे मालक आर्ट मॉडेल यांनी संघ बाल्टिमोरला हलवण्याची घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी जिल्ह्यात मतदान होते. मद्य आणि सिगारेटवरचा कर पुढे चालू ठेवून स्टेडियमची डागडुजी करावी, असा प्रस्ताव मतदारांपुढे होता. संघ जाणार हे ठाऊक असूनही मतदारांनी तो मोठ्या बहुमताने मंजूर केला. १७ डिसेंबर रोजी जुन्या स्टेडियममधील अखेरच्या सामन्यात प्रेक्षकांनी खुर्च्या उखडून मैदानात फेकल्या. संघ गेला; बाल्टिमोर रेव्हन्स या नावाने जानेवारी २००१ मध्ये त्याने सुपर बोल जिंकलाही. मॉडेल यांनी जाता जाता ज्या प्रशिक्षकाला काढून टाकले ते बिल बेलिचिक पुढे न्यू इंग्लंडला सहा अजिंक्यपदे मिळवून देणार होते.

परंतु त्या वेळी चाहते नुसते रडत बसले नाहीत, हा भाग कमी सांगितला जातो. लीगच्या कार्यालयांवर निषेधाच्या फॅक्सचा पाऊस पडला, शहराने न्यायालयात धाव घेतली, प्रकरण अमेरिकी काँग्रेसच्या समित्यांपुढे गेले. अखेर समझोता झाला. संघाचे नाव, रंग आणि सारा इतिहास क्लीव्हलँडकडेच राहील, मॉडेल यांनी केवळ खेळाडू आणि करार न्यावेत, आणि १९९९ मध्ये शहराला नवा संघ मिळावा, असे ठरले. त्यासाठी जुन्या जागेवरच शहराच्या मालकीचे नवे स्टेडियम बहुतांश सार्वजनिक पैशातून उभारले गेले. ओहायोने १९९६ मध्ये एक कायदाही केला. सार्वजनिक मदतीने बांधलेल्या स्टेडियममध्ये खेळणाऱ्या संघाला हलायचे असेल तर मालकाने सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी आणि स्थानिकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी, असे त्यात म्हटले होते. हा कायदा ‘मॉडेल कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. २०१८ मध्ये कोलंबस शहरातील सॉकर संघ टेक्सासला निघाला तेव्हा याच कायद्याचा आधार घेऊन त्याला रोखण्यात आले. तो संघ वाचवण्यासाठी ज्या स्थानिक खरेदीदारांनी पैसा पुढे केला, त्यांत हॅस्लम कुटुंब होते!

पुढे याच कुटुंबाला या कायद्याची अडचण झाली. सरोवरकाठच्या स्टेडियमचा भाडेकरार २०२८ च्या हंगामानंतर संपतो. शहराने नूतनीकरणासाठी ४६ कोटी १० लाख डॉलर देऊ केले होते. हॅस्लम यांना मात्र विमानतळालगतच्या ब्रूक पार्क या उपनगरात, फोर्ड कंपनीच्या जुन्या कारखान्याच्या १७६ एकरांवर, २.४ अब्ज डॉलरचे छत असलेले स्टेडियम आणि त्याभोवती हॉटेले, घरे, दुकाने अशी वसाहत हवी होती. वाहनतळापासून उपाहारगृहापर्यंतचा पैसा तेथे एकाच घरात जातो, हे त्यामागचे साधे गणित आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ब्राउन्सनी कायद्याला आव्हान दिले, जानेवारी २०२५ मध्ये शहराने त्याच कायद्याखाली दावा लावला. महापौर जस्टिन बिब आणि जिल्हाप्रमुख ख्रिस रोनेन दोघेही स्थलांतराच्या विरोधात होते.

निकाल न्यायालयात लागलाच नाही, तो राज्याच्या अंदाजपत्रकात लागला. गव्हर्नर माइक डिवाइन यांनी जून २०२५ च्या अखेरीस स्वाक्षरी केलेल्या अंदाजपत्रकात ब्रूक पार्कसाठी ६० कोटी डॉलरची तरतूद होती. क्रीडा सट्ट्यावरील कर दुप्पट करून स्टेडियमांसाठी पैसा उभारावा, अशी डिवाइन यांची मूळ सूचना होती. ओहायोत असा सट्टा जानेवारी २०२३ पासून कायदेशीर आहे आणि ऑगस्टमधील आशेवर सट्टा कंपन्याही पोसल्या जातात, तेव्हा ती सूचना अगदीच अस्थानी नव्हती. विधिमंडळाने मात्र दुसरा मार्ग काढला. विसरलेली बँकखाती, न वटवलेले धनादेश, वारसांनी न मागितलेल्या ठेवी अशी नागरिकांची बेवारस रक्कम राज्य सांभाळत असते. त्यातून हा पैसा घ्यावयाचे ठरले. हा लोकांच्या मालमत्तेवर डल्ला आहे, असे म्हणत जुलै २०२५ मध्ये त्याविरुद्ध दावा दाखल झाला. त्याच अंदाजपत्रकात मॉडेल कायद्याचे दात काढले गेले. संघ राज्याबाहेर जात असेल तरच तो लागू होईल, अशी दुरुस्ती झाली. ब्रूक पार्क ओहायोतच असल्याने शहराच्या हातातले हत्यार गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये बिब यांनी १० कोटी डॉलरचा समझोता स्वीकारला.

या साऱ्या व्यवहारात चाहता कोठे होता? त्याच्यात एकमत नव्हते, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. डिसेंबरच्या बोचऱ्या वाऱ्यात कुटुंबासह कुडकुडत बसण्यापेक्षा छताखालचे स्टेडियम बरे, असे म्हणणारे अनेक आहेत. सरोवरावरून येणारा तो वारा हाच ब्राउन्सचा खरा बारावा गडी, असे मानणारेही तितकेच हट्टी आहेत. तथापि दोघांनाही कोणी विचारले नाही. १९९५ मध्ये निदान मतपेटी होती. या वेळी राज्याचा हिस्सा हजारो कलमांच्या अंदाजपत्रकात ठरला आणि लोकप्रतिनिधींना एका संघासाठी सबंध अंदाजपत्रक फेटाळणे शक्य नव्हते. स्टेडियमवरील सार्वजनिक खर्च शहराला परत मिळत नाही, याविषयी अर्थशास्त्रज्ञांत दुर्मीळ एकमत आहे. तरीही राजकारणी तो करतात, कारण संघ जाऊ देणारा नेता म्हणून ओळखले जाण्याची त्यांना भीती वाटते. म्हणजे तारण म्हणून पुन्हा चाहत्याचीच निष्ठा ठेवली जाते. वर्षभराचे तिकीट घेणाऱ्याला निकालशून्य सराव सामन्यांचेही पैसे मोजावे लागतात, ही प्रथा लीगमध्ये जुनी आहे. त्याच तत्त्वाचा हा मोठा आविष्कार म्हणावा लागेल.

जून २०१६ मध्ये लेब्रॉन जेम्सच्या कॅव्हेलियर्सनी बास्केटबॉलचे अजिंक्यपद जिंकून क्लीव्हलँडचा ५२ वर्षांचा दुष्काळ संपवला, तेव्हा या शहराला विजय साजरा करता येतो हे जगाने पाहिले. ब्राउन्सला तसे काही साधायचे असेल तर सरोवरकाठी त्यांच्या हाती मोजकेच हंगाम आहेत. नव्या स्टेडियमचे लक्ष्य २०२९ चे ठरवण्यात आले आहे. जुने पाडण्याची जबाबदारीही समझोत्यात मालकांवर टाकण्यात आली असून ती जागा शहर आपल्या किनारा विकासासाठी वापरणार आहे. १९९५ मध्ये जेथून खुर्च्या उखडल्या गेल्या आणि १९९९ मध्ये जेथे त्या पुन्हा बसवल्या गेल्या, तेथील खुर्च्या या वेळी कंत्राटदार काढणार आहेत.